बेचाळीस पावलं

सकाळीच येऊन मोजलं होतं मी गवत:
फाटकापासून कमानीपर्यंत बेचाळीस पावलं,
माझ्या पावलांनी, माझ्या सपाट बुटांनी.
वहीत पेन्सिलीनं लिहिलं,
नवरी येताना, हे एकदाच. मग थांबणे.

मूकर गावाबाहेरचं कुरण, जून महिना.
गवत अजून कापायचंय, पिवळी फुलं गुडघ्याएवढी,
फक्त मधला पट्टा यंत्रानं भादरलेला
मुंजीतल्या बटूसारखा.
दगडी बांधापलीकडे मेंढ्या.
त्यांना आमंत्रण नाही, तरी सर्वांत आधी त्याच हजर.

वारा पानं उलटू पाहतो.
कपड्यांचे चार चिमटे लावलेत,
एक लाल, बाकीच्यांचा रंग उडालेला.
दमट हवेत तिसरी तार उतरते,
चढवली की पुन्हा उतरते,
मानपानावरून रुसलेल्या विहिणीसारखी.

आठवडाभर मी डार्लिंग्टनला चष्म्यांच्या दुकानात
लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारते,
हे बरं दिसतं, की हे?
शनिवारी असं विचारता येत नाही.
वाजवलेलं वारा घेऊन जातो,
आणि मागच्या रांगेतल्या बाया टोप्या सावरत
पावसाचं बोलतात.

अडीचला फाटक करकरलं.
इमोजेन आली,
आणि तिचा हात धरून,
छे, तिच्या हातावर भार टाकून,
डेरिक आल्डरसन, तिचा बाप.
दुसऱ्या हातात काठी.
खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झालेले
हे मला कोणी कळवलं नव्हतं.
कळवतील कशाला? मी वाजंत्री.

सुरू केलं.
काठी, पाय, मग दुसरा पाय, मग एक श्वास.
माझं अर्धं वाजवून झालं
तेव्हा ती दोघं पेंढ्याच्या पहिल्या गठ्ठ्यापाशी.
पुढे केवढं तरी गवत,
आणि माझ्याकडे उरलेल्या पाच ओळी.

तेव्हा मला कराडचे विसूकाका आठवले.
धाकट्या मावशीचं लग्न,
मुहूर्ताला चार मिनिटं, मंगलाष्टकं संपलेली,
भटजी घड्याळाकडे बघतायत,
अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेत.
विसूकाकांनी खिशातून घडीचा कागद काढला
आणि स्वतः रचलेलं सुरू केलं, घोगऱ्या आवाजात,
शार्दूलविक्रीडितात सगळ्या आत्या कोंबून.
एक वृत्तात बसेना, तिला सुलोचनाची सूलोचना केली.
लोक हसले. मुठीत अक्षता घामेजल्या.
पण घटिका भरली.

मी शेवटच्या ओळीच्या दाराशी जाऊन
परत फिरले.
पुन्हा गेले, पुन्हा फिरले.
मग ओळ सोडली आणि काठी धरली:
काठी टेकली की एक स्वर,
पाय ओढला की दुसरा,
श्वासाला काहीच नाही.

मध्येच तो थांबला.
कुरणाकडे बघत राहिला, जणू गवत कधी कापायचं
ते आत्ताच ठरवायला हवं होतं.
इमोजेन काही बोलली नाही.
मी सगळ्यात जाड तार छेडून तशीच सोडली,
ती विझेपर्यंत, आणि पुन्हा.
एक मेंढी ओरडली, साधारण त्याच सुरात.

आमच्याकडे गाणं ताणतात घटिकेसाठी.
इथे घटिकाच त्या माणसाच्या खुब्यात होती,
आणि ती भरायला
किती पावलं, ते मी मोजलं नाही.

कमानीखाली त्यानं मुलीचा हात सोडला.
मी तारांवर तळवा आडवा ठेवला.
सावधान कोणी म्हणालं नाही.

संध्याकाळी सामान भरताना
तीनच चिमटे सापडले.
लाल गवतात शोधत होते वाकून, तर काठी आधी दिसली,
मग कागदी ताटलीत केक घेऊन तो.
ताटली माझ्या हातात दिली,
गिटारच्या पेटीकडे बघितलं,
आणि म्हणाला, सूर चांगला होता.
गाणं जरा लांबलं, नाही?

हो, मी म्हटलं,
जरा लांबलंच.